कड नसलेल्या जागा

आपल्याकडचे टोचून घालायचे दागिने एकदा मोजून बघा. कुडी, बाळी, बुगडी, भिकबाळी, नथ, चमकी. महाराष्ट्राबाहेर पडलात तर नाकाच्या मधल्या पडद्यात अडकवलेली बुलाक. आता हे सगळे अंगावर नक्की कुठे बसतात ते पाहा. कानाची पाळी, कानाचा वरचा काठ, नाकपुडी, नाकाचा पडदा. सगळ्या कडा! म्हणजे जिथे शरीराला अगदी जवळजवळ दोन बाजू आहेत आणि एका बाजूनं घातलेली सुई लगेच दुसऱ्या बाजूनं हवेत येते, अशाच जागा आपल्या लोकांनी निवडल्या.

सपाट जागांचं काय? कपाळावर कुंकू लावलं, दंडाला वाकी घट्ट बसवली, गळ्याखाली ठुशी नाहीतर हार लोंबवला. आणि कायमचंच काही हवं असेल तर गोंदून घेतलं. पण कपाळात, छातीवर किंवा मानेच्या मागे धातू टोचून तो जन्मभर वागवायचा, असा दागिना आपल्या एवढ्या मोठ्या दागिन्यांच्या यादीत नाही. सोनं अंगावर चढवायची एकही संधी न सोडणाऱ्या समाजानं ही जागा का सोडली असेल?

थोडं उत्तर सुश्रुतात सापडतं. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानातला सोळावा अध्याय कान टोचण्यावर आहे. तो सांगतो की कानाची पाळी उन्हाकडे धरून बघा, जिथून उजेड आरपार दिसेल तिथे दैवानंच भोक ठेवलेलं असतं, तिथेच टोचा. रक्त फार आलं, दुखलं, तर समजा जागा चुकली. मग भोकात वात घालायची आणि दर तीन दिवसांनी ती जाड करत न्यायची. पुढे फाटलेल्या पाळ्या जोडायच्या पंधरा पद्धती दिल्यात, म्हणजे बिघडलेल्या केसेस भरपूर येत असणार. उजेड आरपार दिसायला हवा ही अट लावली की सपाट कातडी आपोआपच बाद होते.

हा सगळा खटाटोप करायचं कारण माझी मामेबहीण. ती बंगलोरला टेस्टिंगमधे आहे. तिला गळ्याच्या हाडाखाली, डाव्या बाजूला, एक बारीक चमकणारा खडा हवाय. दुकानात तिला दोन पर्याय सांगितले, सरफेस बार आणि मायक्रोडर्मल. तिनं मला फोन करून विचारलं, कुठलं चांगलं? मी दोन शनिवार वाचन करून तिला सुश्रुतापासून सांगायला सुरुवात केली. त्यावर बाईसाहेब म्हणाल्या, "दादा, इतिहास नाही विचारला, कुठलं करू ते विचारलं." पण माझं म्हणणं असं की या बाबतीत इतिहास माहीत असल्याशिवाय निवडताच येत नाही. कारण सपाट कातडी टोचण्याचे इतिहास दोन आहेत. एक खूप जुना आहे आणि दुसरा जेमतेम तीस-पस्तीस वर्षांचा, आणि त्या दोघांचे नियम एकमेकांच्या उलट आहेत.

जुना इतिहास बघायला पुणेकर आयटीवाल्यांना लांब जायला नको. आपण रोज ज्या हिंजवडीच्या नावानं बोटं मोडतो, त्या गावाचं दैवत म्हातोबा. चैत्र पौर्णिमेला हिंजवडीहून वाकडला बगाड निघतं. बगाड म्हणजे गाड्यावर उभारलेला खांब आणि त्यावर आडवं फिरणारं लाकूड. ज्याला त्यावर चढायचा मान असतो तो गळकरी. हा मान ठरावीक घराण्याकडे असतो. गळकरी हे नाव उगाच नाही पडलं. त्याच्या पाठीत गळ टोचतात. मासे पकडायचा असतो तसला, फक्त मोठा. एवढ्या काचेच्या इमारतींच्या सावलीत हे चालतं आणि आपल्यातल्या अर्ध्या लोकांना त्या दिवशी ट्रॅफिक वळवलाय एवढंच कळतं. साताऱ्याकडे वाईजवळच्या बावधनचं बगाड जास्त प्रसिद्ध आहे. ते रंगपंचमीला, भैरवनाथाच्या नावानं. तिथे आता बगाड्याला लाकडाला बांधतात, पण खेळाचं मूळ तेच.

ही प्रथा देशभर होती. १६ व्या शतकाच्या सुरुवातीला दुआर्ते बार्बोसा या पोर्तुगीजानं विजयनगरच्या राज्यात पाहिलेलं लिहून ठेवलंय. एखाद्या मुलीचं एखाद्यावर मन बसलं तर ती नवस बोलायची की हाच नवरा मिळाला तर मी गळ टोचून घेईन. मग लग्न ठरलं की कमरेत गळ अडकवून तिला उंच आडव्या लाकडाला टांगायचे, आणि वर लटकत असताना ती खाली उभ्या असलेल्या त्या बाबाला लिंबं फेकून मारायची! (मला हे दृश्य फार आवडतं.) बंगालात चैत्र संक्रांतीला चडक पूजेत हेच चालायचं. तिथे १८६५ साली इंग्रज सरकारनं गळ टोचायला बंदी घातली. तामिळ लोक थैपूसमला कावडी घेतात. मलेशियातल्या बाटू गुंफांपाशी आणि सिंगापूरच्या रस्त्यांवर आजही पाठीत ओळीनं हूक अडकवलेले भक्त दिसतात. मंदिरात पोचलं की हूक काढतात, जखमेवर विभूती चोळतात, झालं.

इकडे पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला, मिसूरी नदीच्या काठी, मंडान नावाची जमात होती. जॉर्ज कॅटलिन हा चित्रकार १८३२ मधे त्यांच्यात जाऊन राहिला. त्यानं त्यांचा ओकीपा हा विधी पाहिला. तरण्या पोरांच्या छातीत किंवा पाठीत लाकडी खुंट्या घालून त्यांना दोरानं टांगायचे. पुढे १८३७ मधे देवीची साथ आली आणि मंडान जवळपास संपले. कॅटलिनवर कुणी विश्वास ठेवेना, म्हणून त्याला १८६७ मधे त्यावर वेगळं पुस्तक काढावं लागलं. लाकोटा वगैरे जमातींच्या सूर्यनृत्यात तर छातीत घातलेली खुंटी दोरानं मधल्या खांबाला बांधतात आणि नाचणारा मागे मागे रेटा देतो, कातडी तुटून सुटका होईपर्यंत. अमेरिकन सरकारनं १८८३ मधे यावर बंदी आणली. धार्मिक स्वातंत्र्याचा कायदा यायला १९७८ उजाडलं.

आता यातला समान धागा बघा. म्हातोबाचा गळ, बार्बोसाची नवरी, कावडी, सूर्यनृत्य, सगळीकडे धातू (किंवा लाकूड) सपाट कातडीत घातलं जातं आणि त्याच दिवशी बाहेर येतं. कुणी ते घरी घेऊन जात नाही. सूर्यनृत्यात तर कातडीनं सोडून देणं हाच विधीचा कळस आहे.

कातडी वजन मात्र जबरदस्त पेलते. तिचा आतला जाड थर, डर्मिस, हा कोलॅजनच्या धाग्यांनी विणलेला असतो. जनावराच्या कातड्याची आपण चप्पल करतो ती याच थराची. म्हणून थोड्याशा गळांवर अख्खा माणूस काही वेळ लटकू शकतो. पण हीच कातडी काही ग्रॅमचा दाब महिनोन् महिने सोसत नाही. आमच्या भाषेत सांगायचं तर लोड टेस्ट झकास पास होते आणि तीच सिस्टीम रात्रंदिवस चालू ठेवली की मेमरी लीक होऊन हळूहळू झोपते. बोटात काटा मोडला तर शरीर काय करतं? सुईनं नाही काढलात तरी काही दिवसांत तो वर वर सरकत येतो आणि एक दिवस पडून जातो. सपाट कातडीत घातलेला बार हा शरीराच्या दृष्टीनं एक महागडा काटा आहे.

कानाचं वेगळं. तिथे बोगदा आखूड असतो आणि दोन्हीकडून कातडीचा वरचा थर आत वाढत जाऊन मधे भेटतो, म्हणजे भोकाला आतून अस्तर लागतं. मग शरीराच्या हिशोबानं ती तार बाहेरच असते. सपाट जागी बोगदा लांब आणि वरच्या पृष्ठभागाला समांतर. अस्तर पूर्ण व्हायच्या आत शरीराला सोपा मार्ग सापडतो, बोगद्याचं छप्पर पातळ करत न्यायचं.

दुसरा इतिहास कॅलिफोर्नियात सुरू होतो. जिम वॉर्ड नावाच्या, दागिने घडवणाऱ्या माणसानं १९७५ मधे लॉस एंजेलिसला गाँटलेट नावाचा धंदा काढला. १९७८ मधे त्याचं रीतसर दुकान झालं. म्हणजे आधुनिक पिअर्सिंगची सुरुवातही अखेर एका सोनारानंच केली. त्याला पैसा पुरवणारा डग मॅलॉय हा मोठा वल्ली. खरं नाव रिचर्ड सिमंटन. त्यानं एक पत्रक लिहिलं आणि त्यात प्रत्येक पिअर्सिंगला एक पुरातन इतिहास चिकटवून दिला. रोमन सैनिक छातीतल्या कड्यांना अंगरखा अडकवायचे, इजिप्तमधे बेंबी टोचणं हा राजघराण्याचा मान होता, वगैरे. सगळ्या थापा! पण त्या अजूनही लोक एकमेकांना सांगतात. तिसरा माणूस रोलंड लूमिस, साउथ डकोटात वाढलेला (१९३०–२०१८). त्यानं नाव घेतलं फकीर मुसाफर. नाव ऐकून आपल्याला मिरजेचा कुणी वाटेल. त्यानं ओकीपा स्वतःवर करून पाहिला, आणि १९८५ मधे आलेल्या एका माहितीपटात तो वायोमिंगमधे छातीत हूक घालून टांगून घेताना दिसतो. मंडान-लाकोटांचे विधी असे उचलून नेण्यावर टीका झाली आणि ती मला रास्त वाटते. १९९३ मधे लाकोटांनी आपल्या धर्माचा बाजार मांडणाऱ्यांविरुद्ध चक्क युद्धाची घोषणा करणारं पत्रक काढलं होतं.

बाजाराचा मुद्दा आपल्याही कामाचा आहे. एका दिवसाचा नवस दुकानात आला की त्याचा दागिना होतो, आणि दागिना म्हणजे तो टिकला पाहिजे. गिऱ्हाईक संध्याकाळी तो काढून ठेवायला पैसे देत नाही. फ्रँकफुर्टच्या टॅटू सॅमीकडून वॉर्डला बारबेलची कल्पना मिळाली होती, म्हणजे दोन टोकांना गोळ्या असलेली दांडी. जिभेसाठी ती उत्तम. मग लोकांनी हीच दांडी मानेत, छातीवर घालून पाहिली. १९९३ मधे एरोस्मिथच्या एका गाण्याच्या व्हिडिओत बेंबी टोचून घेताना दाखवली आणि अमेरिकेतल्या मुलींची दुकानांत रीघ लागली. बेंबीला निदान वरची घडी असते, म्हणजे अर्धीमुर्धी कड. निखळ सपाट जागांवरच्या सरळ दांड्या मात्र एकामागून एक बाहेर पडत होत्या.

का, ते टोरोंटोच्या टॉम ब्राझ्दानं नव्वदच्या दशकात नीट विचार करून शोधलं. सरळ किंवा कमानीसारखी वाकलेली दांडी चिमटीत धरलेल्या कातडीतून घालायची आणि चिमूट सोडून द्यायची, की कातडी पुन्हा सपाट व्हायला बघते आणि दांडी दोन्ही भोकांच्या कडांवर सतत रेटत राहते. त्यानं दांडीच बदलली. मधला भाग सपाट, दोन्ही टोकं काटकोनात वर. अगदी स्टेपलरच्या पिनेसारखी. आतला भाग कातडीला समांतर निवांत पडून राहतो, टोकं सरळ वर येतात, रेटा जवळजवळ नाहीच. हाच सरफेस बार. लांबी आणि टोकांची उंची मात्र त्या माणसाच्या त्या जागेच्या मापाची हवी, नाहीतर पुन्हा पहिले पाढे.

त्याच सुमारास अॅरिझोनात फिनिक्सला स्टीव्ह हॉवर्थ वेगळ्या दिशेनं गेला. तो आधी वैद्यकीय उपकरणं बनवायचा. त्यानं कातडीखाली भोकं असलेली पट्टी बसवली आणि तिच्यातून एक खुंटी वर काढली. पट्टीच्या भोकांतून मांस वाढून ती जागेवर धरून ठेवेल असा हिशोब. याला ट्रान्सडर्मल म्हणतात. १९९६ मधे त्यानं एका माणसाच्या डोक्यावर अशा खुंट्यांची ओळ बसवून धातूचा तुरा केला. फोटो जगभर गेले. पण हे प्रकरण म्हणजे छोटी शस्त्रक्रियाच, ती काढायलाही पुन्हा शस्त्रक्रिया, आणि खुंटीभोवती कातडी कधीच पूर्ण बंद होत नसल्यानं जंतूंना दार कायम उघडं.

हाच प्रश्न डॉक्टरांनी कसा सोडवला ते बघण्यासारखं आहे. स्वीडनमधे ब्रोनेमार्क यांना १९५० च्या दशकात सशांवर काम करताना दिसलं की टायटॅनियम हाडाशी एकजीव होतं. १९६५ मधे त्यांनी पहिल्या माणसाला तसे दात बसवले. पुढे १९७७ मधे गोथेनबर्गला कानामागच्या हाडात टायटॅनियमचा स्क्रू बसवून, त्याचं टोक कातडीतून बाहेर काढून, त्यावर श्रवणयंत्र लावायला सुरुवात झाली. सपाट कातडीतून धातू कायमचा बाहेर! पण त्यासाठी दोन गोष्टी कराव्या लागल्या. धातू हाडात रोवला, आणि भोवतालची कातडी मुद्दाम पातळ केली, म्हणजे ती खुंटीभोवती हलणार नाही. खरा शत्रू हलणं हा आहे. गळ्याखाली किंवा मानेवर हाडात स्क्रू मारायला कुणी जात नाही, त्यामुळे तिथे हलणं आहेच.

मायक्रोडर्मल २००० नंतरच्या दशकाच्या मध्याला आलं. हॉवर्थच्या पट्टीची ही घरगुती आवृत्ती म्हणा. काही मिलिमीटरचं पाऊल, त्याला भोकं, वर छोटी मान आणि मानेत आटे. सुईनं किंवा बारीक पंचनं एकच भोक पाडून पाऊल आत तिरकं सरकवायचं आणि वर हवा तो खडा फिरवून बसवायचा. दुसरं टोक नाहीच, त्यामुळे चिमटीत न येणाऱ्या जागीही बसतं. दिसायला तर टिकलीच.

तर आता बहिणीचा प्रश्न. एकटा खडा हवा असेल तर मायक्रोडर्मल, दोन ठिपके चालणार असतील तर सरफेस बार, इथपर्यंत दुकानदारही सांगतो. तो सहसा सांगत नाही ते हे, की दोन्ही कधीतरी जाणार. कुणाचं सहा महिन्यांत, कुणाचं कित्येक वर्षांनी. मग निवड करायची ती जाताना काय होईल ते बघून. सरफेस बार काढणं सोपं. एक गोळी फिरवून काढली की दांडी सरकवून बाहेर. मायक्रोडर्मलचा खडा तुम्ही बदलू शकता, पण पाऊल भोवतालच्या मांसात गुंतलेलं असतं. ते जाणकारालाच काढावं लागतं, कधी बारीक छेद देऊन. उद्या एमआरआय काढायची वेळ आली तर हा फरक कळतो. टायटॅनियम लोहचुंबकाला चिकटत नाही, पण मशीनवरचा माणूस जमेल ते काढून या म्हणणारच. उलट, सरफेस बार आपणहून बाहेर पडला तर दोन भोकांमधली सगळी वाट फाडत येतो आणि लांब रेघेसारखा वण ठेवतो. मायक्रोडर्मलचा वण सहसा ठिपक्याएवढा.

जागेचं तर मी तिला स्पष्टच सांगितलं. डाव्या खांद्यावर लॅपटॉपची सॅक, स्कूटर, हेल्मेटचा पट्टा, कारमधे बसलं तर सीटबेल्ट आणि वरून ओढणी. एवढं सगळं एकाच ठिकाणी घासणार असेल तर ब्राझ्दाचा बारही काही करू शकत नाही. निदान बाजू बदल. धातू टायटॅनियमच, तोही इम्प्लांटच्या दर्जाचा. निकेलनं अंगाला खाज सुटणारे लोक भरपूर आहेत आणि युरोपनं १९९४ मधेच टोचायच्या दागिन्यांतल्या निकेलवर कायदा केला तो उगाच नाही. आणि कान टोचायची गन घेऊन कुणी पुढे आला तर चप्पल घालून निघायचं. सोनारानं कान टोचावे हे ठीक, पण गळ्याखाली सोनारही नको.

सगळ्यात महत्त्वाचं मात्र यातलं काहीच नाही. आमच्या मामाच्या दंडावर देवीच्या लशीचा वण आहे. तो सपाट नाही, बोराएवढा टणक गोळा आहे आणि पावसाळ्यात अजून खाजतो. याला केलॉइड म्हणतात. आपल्यासारख्या सावळ्या कातडीत ते जास्त होतात, घराण्यात उतरतात, आणि त्यांच्या आवडत्या जागा म्हणजे छातीचा मधला भाग, खांदे, पाठीचा वरचा भाग आणि कानाची पाळी. म्हणजे नेमक्या त्याच जागा जिथे सध्या लोकांना खडे हवेत. दुकानातली माहितीपत्रकं बहुतेक गोऱ्या कातडीचे फोटो छापतात, त्यात हे ठळक येत नाही. म्हणून बार की मायक्रोडर्मल हे ठरवायच्या आधी तिनं आरशासमोर उभं राहून स्वतःच्या दंडावरचा बीसीजीचा वण बघायचा. सपाट, फिकट, खळगा पडल्यासारखा असेल तर पुढे विचार करायला हरकत नाही. फुगीर, चकचकीत, मूळ टोचलेल्या जागेच्या बाहेर पसरलेला असेल तर आधी त्वचारोगतज्ज्ञाकडे जायचं, आणि बहुधा हा विषय तिथेच संपतो.

वण ठीक निघाला आणि तिनं करून घेतलंच, तर रोज एक गोष्ट बघायची. सरफेस बार असेल तर दोन गोळ्यांमधली कातडी. ती तांबूस, चकचकीत, पातळ दिसायला लागली, आतली दांडी सावलीसारखी दिसू लागली, की काटा वर यायला लागलाय. मायक्रोडर्मल असेल तर खडा एका बाजूला कलतो किंवा पावलाची कड डोकावते. अशा वेळी मलम लावत, पट्टी चिकटवत महिनाभर वाट बघण्यात अर्थ नाही. त्याच आठवड्यात जाऊन काढून टाकायचं, कातडी तुटायच्या आत. मग बारचे दोन ठिपके राहतात, रेघ राहत नाही.